सातवा सिलिंडर

ओरेस्ट म्हणतो, बदलून टाक.
मूस जॉच्या भंगारवाल्याकडे शाळेच्या बसचं इंजिन आहे,
अठराशे डॉलर, नव्वद दिवसांची हमी,
शनिवारी क्रेन आणू, रविवारी सुरू.

मी म्हणते, आधी मोजू.

शेडमध्ये उणे एकोणीस.
गेज लावायला हातमोजा काढावा लागतो
आणि प्लगचं लोखंड बोटाला चिकटतं,
भाजलं की गारठलं, क्षणभर कळत नाही.
पहिला : एकशे चाळीस. दुसरा : एकशे पस्तीस.
ओरेस्ट खडूनं दारावर लिहितो,
त्याच दारावर, जिथं बाबा
गव्हाच्या खेपा रेघा मारून मोजायचे.
सहावा : एकशे अडतीस.
सातवा : सत्तर.
आठवा मोजायचा राहिलाच त्या नादात.

सातव्यात दोन चमचे तेल सोडलं, पुन्हा फिरवलं.
एकशे दहा.
म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत, रिंगा गेल्यात.
दम धरवत नाही त्याला, इतकंच.

लायलचा हिशेब पाकिटाच्या पाठीवर :
बोअर, पिस्टन, बेअरिंगा, गॅस्केटचा संच,
क्रँक घासून घ्यायची तर त्याचे वेगळे.
बेचाळीसशे.
अख्खा ट्रक विकला तर पंधराशे येतील,
तेही घेणाऱ्याला डोळ्यांनी कमी दिसत असेल तर.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
वर्षातून तीन आठवडे चालतो हा लोडस्टार,
शेतातून एलेव्हेटरपर्यंत, अकरा मैल.
एरवी त्याच्याखाली मांजर वितं.

"पण बाबांचं इंजिन," मी म्हणाले.
यावर ओरेस्ट गप्प बसतो. ते मला माहीत होतं.
मार्चपासून हे मी फार वापरलंय :
बाबांची खुर्ची, बाबांचं कुंपण,
बाबांचा ग्रीसचा अर्धा डबा.

मग नंबर बघावा म्हणून ब्लॉकची बाजू खरवडली.
चाळीस वर्षांची काळी चिकट साय,
त्यावर पत्र्याचा तुकडा, रॉकेल, जुना टूथब्रश.
आणि तळाशी ठोकलेली, जराशी तिरकी अक्षरं :
एच. एस.

आमच्या पंचक्रोशीत आपल्या वस्तूंवर
पंच ठोकणारा माणूस एकच.
फावडं, पाना, फाटकाची कडीसुद्धा.
हाल्वर स्टेन्सरुड, पलीकडच्या शेतातला,
ज्याच्याशी बाबा बांधाच्या दीड फुटावरून
तेवीस वर्षं एक शब्द बोलले नाहीत,
चर्चच्या वाटेवर ज्याच्या गाडीची धूळ दिसली
की काच वर करायचे.

ओरेस्ट उकिडवा बसला आणि हसायला लागला,
तोंडाची वाफ, डोळ्यांत पाणी.
मला हसू आलं नाही.
मग आलं.

संध्याकाळी वृद्धाश्रमात फोन लावला.
नाव सांगितलं. बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाला,
"सातवा अजून तेल पितो का?"

किती घेतले, घेतले तरी का, मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं ते एवढंच :
त्र्याऐंशी साल, बर्फ तोंडावर,
तुझ्या बापाचा गहू शेतात उभा.
"रात्री घेऊन गेला तो.
दिवसा बोलायचं नव्हतं ना आम्हाला."

सकाळी लायलला म्हटलं, बांध.
रंग मारशील तेव्हा
ती दोन अक्षरं तेवढी सोडून मार.

ओरेस्टनं दारावरच्या आकड्यांखाली
बेचाळीसशे लिहिले, दोनदा अधोरेखित केले.
"एकमेकांशी न बोलता," म्हणाला,
"दोघं म्हातारे मिळून बुडवणार आपल्याला."